श्री. टिंब, मुक्काम पोस्ट उलवे

मंडळी, आपल्या धंद्यात एक प्रश्न असा आहे की तो ऐकला की हल्ली माझं डोकं फिरतं. फॉर्म नवीन नोंद घेत नाही अशी तक्रार आली की सपोर्टवाला, टेस्टर, डेव्हलपर, लीड, सगळे एका सुरात विचारतात, "युजरने काय चुकीचं भरलं?" म्हणजे खटला उभा राहायच्या आधीच आरोपी ठरलेला. फॉर्म बिचारा निर्दोष, तो तर नुसता नियम पाळतो. नियम कोणी लिहिला, कधी लिहिला, तो आता कोणाच्या नरड्याशी आलाय, हे विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. फॉर्म जेव्हा एखाद्या माणसाला आत घेत नाही तेव्हा तो त्या माणसाबद्दल काहीही सांगत नसतो. तो फक्त फॉर्म बनवणाऱ्याबद्दल सांगत असतो. आणि फॉर्म बनवणारे आपण आहोत. ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींत बसून लाल तारा लावणारे आपणच.

हे मी हवेत बोलत नाहीये. आधी अगदी बारका, घरगुती नमुना घेऊ, मग मोठ्याकडे जाऊ.

आमच्या उलव्यातल्या एका सोसायटीची (नाव घेत नाही, सगळे ओळखीचे आहेत) सभासद आणि भाडेकरूंची यादी अजूनही मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फाईलमध्ये आहे. हसू नका. १९९२ साली आलेलं हे सॉफ्टवेअर महाराष्ट्रातल्या निम्म्या पतपेढ्या, क्लासेस, दवाखाने आणि सोसायट्यांनी जगवलं असेल असा माझा अंदाज आहे. आमच्या क्लाऊडवाल्या मित्रांना ते ठाऊक नसतं एवढंच. तर त्या सोसायटीत एक ताई भाड्याने राहायला आल्या. नर्स आहेत, एक मुलगी आहे, बाकी घरात कोणी नाही. मुलीच्या शाळेसाठी त्यांना सोसायटीकडून राहत असल्याचं पत्र हवं होतं. पत्र त्याच ॲक्सेसमधून छापलं जातं. आणि ॲक्सेसमध्ये त्यांची नोंदच होईना.

सेक्रेटरीकाका म्हणाले, सिस्टीम घेत नाही, भाडेकरार आणा. ताईंनी नोंदणीकृत करार आणला. सिस्टीम घेत नाही, पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरू माहितीची पोच आणा. ती आणली. सिस्टीम घेत नाही, आधारची प्रत स्पष्ट दिसत नाही, दुसरी आणा. ड्युटी सांभाळून तीन चकरा झाल्या. लक्षात घ्या, काका वाईट माणूस अजिबात नाही. पण 'सिस्टीम घेत नाही' ह्याचा अर्थ 'ह्या बाईंचं काहीतरी कमी पडतंय' असाच असतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत. ही समजूत त्यांना कोणी दिली? आपण दिली. लाल अक्षरात एरर दाखवणाऱ्यांनी.

शनिवारी मला बोलावलं. आता इथे जरा तांत्रिक बोलतो, कारण ह्या गोष्टीतली सगळी मेख त्या तांत्रिक भागात आहे.

ॲक्सेसचा फॉर्म नवीन नोंद घेत नसेल तर फॉर्मकडे बघत बसायचं नाही. खालून वर यायचं. पहिल्यांदा मूळ टेबल थेट उघडायचं. शेवटी तारा असलेली रिकामी ओळ दिसते का? दिसते. तिथे नोंद टाईप केली, घेतली. (लगेच पुसली.) म्हणजे टेबल ठीक, फाईलही ठीक. फाईलच लिहिण्याजोगी नसेल तर इथेच कळतं. झिपमधून थेट उघडलेली फाईल, सीडीवरून कॉपी केलेली फाईल, किंवा नेटवर्कवरच्या ज्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही तिथली फाईल, ह्या सगळ्या नुसत्या वाचायला उघडतात. एसक्यूएल सर्व्हरवरून जोडलेलं टेबल असेल आणि त्याला प्रायमरी की नसेल तरी तेच. मग दुसरी पायरी, फॉर्म ज्या क्वेरीवर उभा आहे ती क्वेरी उघडायची. आणि इथे शेवटची रिकामी ओळ गायब! खाली स्टेटस बारवर बारीक अक्षरात लिहिलेलं, 'धिस रेकॉर्डसेट इज नॉट अपडेटेबल'.

का? तर कधीतरी खजिनदारांना वाटलं, माणसाच्या नावाशेजारी त्याची मेंटेनन्सची एकूण थकबाकी दिसावी. कोणीतरी क्वेरीत थकबाकीचं टेबल जोडलं आणि बेरीज लावली. बेरीज लावलेली क्वेरी म्हणजे अनेक ओळींची मिळून एक ओळ. त्या ओळीत तुम्ही काही लिहिलंत तर ते खालच्या नेमक्या कोणत्या ओळीत जावं, हे ॲक्सेसला कळूच शकत नाही. म्हणून ते लिहूच देत नाही. बरोबरच आहे त्याचं. युनियन क्वेरी, क्रॉसटॅब, 'युनिक व्हॅल्यूज' चालू असलेली क्वेरी, सगळ्यांचा हाच प्रकार. त्या दिवसापासून तो फॉर्म नोंदणीचा फॉर्म राहिलाच नव्हता, वसुलीचा रिपोर्ट झाला होता. शेवटची नोंद बघितली तर दीड वर्षापूर्वीची. म्हणजे दीड वर्षात त्या इमारतीत आलेला एकही माणूस कागदोपत्री आलेला नव्हता. तो वॉचमनच्या लांबड्या वहीत होता. बाकीच्यांना पत्र लागलं नाही म्हणून कळलं नाही इतकंच.

तर ताईंचा करार, पोलिसांची पोच, आधारची दुसरी प्रत, ह्यातल्या कशाचाही त्या नकाराशी सुतराम संबंध नव्हता. फॉर्म देवाला सुद्धा घेत नव्हता!

(ह्या प्रकारातला माझा आवडता नग वेगळाच आहे. फॉर्मच्या प्रॉपर्टीमध्ये 'अलाऊ ॲडिशन्स' ह्यासमोर 'नो' असेल आणि टेबलात एकही नोंद नसेल, तर ॲक्सेसचा फॉर्म चक्क कोरा दिसतो. रकाने, लेबलं, बटणं, सगळं अदृश्य. माणसं विंडोज पुन्हा टाकतात, व्हायरस शोधतात. आणि एका शब्दाचा फरक असतो.)

क्वेरी साफ केली, थकबाकी वेगळ्या सबफॉर्ममध्ये हलवली, तारा परत आला. भरा म्हटलं. आणि फॉर्मने दुसऱ्यांदा नाही म्हटलं. ह्या वेळी कारण स्वच्छ होतं. नावाआधी 'श्रीमती' निवडलं की 'पतीचे नाव' हा रकाना सक्तीचा. रिकामा सोडला की नोंद जात नाही. ताई नवऱ्यापासून कित्येक वर्षं वेगळ्या राहतात आणि त्याचं नाव कुठल्याही नव्या कागदावर लावायची त्यांची इच्छा नाही. हे त्यांना त्या खोलीत, काका, खजिनदार, मी आणि पाणी आणून देणारा पोरगा अशा चौघांसमोर सांगावं लागलं. एका कॉलममुळे.

काका पटकन म्हणाले, "अरे, टिंब दे. सगळे तेच करतात."

सगळे तेच करतात! मी जाऊन मोजलं. त्या रकान्यात दहा-बारा ठिकाणी नुसतं टिंब होतं. आणि रिपोर्ट प्रत्येक नावाआधी 'श्री.' आपोआप लावतो, त्यामुळे वार्षिक सभेच्या यादीत दहा-बारा बायकांचे नवरे एकच, श्री. टिंब. उलव्यात इतका मोठा गृहस्थ राहतो आणि कोणाला पत्ता नाही. :-)

हसून झालं असेल तर आता भांडणाच्या मुद्द्यावर येतो. लाल तारा लावणारा माणूस नेहमी एकच बचाव सांगतो, डेटा क्वालिटी. रकाना सक्तीचा केला नाही तर लोक भरत नाहीत. अहो, पण सक्ती करून तुम्हाला काय मिळालं? टिंब मिळालं. 'एनए' मिळालं. दहा नव्वांचा मोबाईल नंबर मिळाला. एक जानेवारी एकोणीसशे ही जन्मतारीख मिळाली. रिकाम्या रकान्याने निदान 'इथे काही नाही' एवढं खरं तरी सांगितलं असतं. भरलेल्या टिंबाने खोटं सांगितलं, आणि ते खोटं तुम्ही त्या माणसाकडून वदवून घेतलंत. कारण खोटं बोलल्याशिवाय दार उघडणार नाही अशी व्यवस्था तुम्हीच केली होती.

आणि ही काही कॉम्प्युटरने आणलेली गोष्ट नाही. तुमच्या आजीआजोबांची, गावाकडच्या काकांची जन्मतारीख विचारा. किती जणांची १ जून निघते बघा. सगळा गाव एकाच दिवशी जन्माला आला होता का? शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारखेचा रकाना रिकामा चालत नव्हता, आईबापांना तारीख ठाऊक नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मास्तरांनी १ जून टाकली. मास्तर हा महाराष्ट्रातला आद्य डेटा एन्ट्री ऑपरेटर आणि १ जून हे आद्य टिंब. फरक एवढाच की मास्तराच्या हातात पेन होता. वाटलं असतं तर तो समासात 'तारीख माहीत नाही' असं लिहू शकला असता. आपण समासच ठेवलेला नाही.

आता जरा पुस्तकात डोकावू, कारण हे सगळं आपल्या धंद्याच्या आजोबांनी आधीच सांगून ठेवलंय. एडगर कॉड. आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत बसून १९७० साली ज्याने रिलेशनल मॉडेलचा पेपर लिहिला तो. आज आपण सगळे ज्याच्या जिवावर जेवतो तो. १९८५ साली त्याने जे नियम मांडले त्यातला तिसरा नियम नलबद्दल आहे, की जी माहिती मिळालेली नाही किंवा जी लागूच होत नाही ती मांडायची शिस्तशीर सोय डेटाबेसमध्ये असलीच पाहिजे, आणि ती सोय शून्यापेक्षा आणि कोऱ्या अक्षरांपेक्षा वेगळी पाहिजे. तिथे तो थांबला नाही. १९९० सालच्या पुस्तकात त्याने ह्याचे दोन वेगळे प्रकार केले. एक, माहिती लागू आहे पण सध्या हाताशी नाही. दुसरा, माहिती ह्या माणसाला लागूच नाही. दोन वेगळ्या खुणा. लोकांनी वेड्यात काढलं, फार गुंतागुंत होते म्हणून. खुद्द त्याचा सहकारी ख्रिस डेट नल ह्या कल्पनेच्याच विरोधात. एसक्यूएलने दोन्हीला मिळून एकच नल ठेवला आणि आपण उरलेलं काम पूर्ण केलं, रकान्यावर 'नॉट नल' लिहून तोही काढून टाकला. (कोणीतरी इथे टोनी होअरची ती अब्ज डॉलरची चूक आणेल. ती प्रोग्रॅमिंगमधल्या नल रेफरन्सबद्दल आहे, १९६५ ची गोष्ट, आणि त्याने ती कबूल केली २००९ साली. तिचा ह्या भांडणाशी संबंध नाही. उगाच मध्ये आणू नका.)

गंमत म्हणजे ज्या ॲक्सेसला आपण हसतो त्यात ही सोय होती. त्याच्या मदतीच्या पानात फॅक्स नंबरचं उदाहरण असायचं. ग्राहकाकडे फॅक्स आहे की नाही हेच माहीत नसेल तर रकाना रिकामा सोडा. फॅक्स नाहीच हे पक्कं माहीत असेल तर दोन अवतरण चिन्हं टाका, मध्ये काही नाही. 'माहीत नाही' आणि 'नाहीच' हे दोन वेगळे. फॅक्स मशीनच्या बाबतीत आपल्याला हा विवेक सुचला होता. नवऱ्याच्या बाबतीत सुचला नाही.

बरं, हे फक्त बायाबापड्यांचं, बिचाऱ्या गरिबांचं दुखणं आहे असं वाटत असेल तर माझ्या पत्त्याकडे या. तुम्ही-आम्ही ईएमआय भरून घर घेतलेले, सुशिक्षित, इंग्रजी येणारे लोक. उलवे. तालुका पनवेल, जिल्हा रायगड, पिन ४१०२०६. जिल्हाधिकारी अलिबागला, पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. गाडीला पनवेलचा एमएच-४६. लोकसभा मतदारसंघ मावळ, जो ऐकून पुण्याचे मित्र चमकतात. नवी मुंबई महापालिकेत आम्ही नाही. २०१६ साली पनवेलची महापालिका झाली, तिच्यातही नाही. सिडकोचा नोड आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती. आणि मूळ उलवे गाव? विमानतळासाठी जी दहा गावं हलवली त्यात ते होतं. गावाशेजारची टेकडी सुद्धा कापून काढली. म्हणजे ज्याच्या नावावर आमचा पत्ता चालतो ते गाव जुन्या जागी नाहीच.

आता हा पत्ता एखाद्या फॉर्ममध्ये भरा. शहराच्या यादीत उलवे नसतं, नवी मुंबई असतं. नवी मुंबई निवडलं की पुढचा रकाना आपोआप भरला जातो, जिल्हा ठाणे, आणि तो राखाडी रंगाचा, बदलता येत नाही. पिन टाकला की तोच फॉर्म म्हणतो, पिन आणि जिल्हा जुळत नाहीत! अरे बाबा, जिल्हा मी टाकलाच नाही, तू टाकलास. तूच टाकायचं आणि तूच मला चूक म्हणायचं. ज्यांना आत जायचंच असतं ते शेवटी ठाणे तसंच ठेवतात आणि कुठलातरी वाशी-बेलापूरचा पिन टाकतात. कुरिअर मग तिकडे जातं. ते घर सुद्धा श्री. टिंब ह्यांचंच समजा.

अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये उघडला, त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत गेली, विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरात विमानं उडायला लागली. एवढं सगळं आमच्या दाराशी येऊन ठेपलं, ड्रॉपडाऊनमध्ये मात्र आम्ही अजून पोचलेलो नाही. पण एक कबूल करायला हवं. माझं कुरिअर चुकलं तर माझा शनिवार खराब होतो, इतकंच. सगळ्यांचं तेवढ्यावर भागत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये काय झालं आठवतंय? मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना. महिना १,५०० रुपये. योजना चांगली की वाईट, निवडणुकीसाठी की कशासाठी, तो वाद इथे नको, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त फॉर्मबद्दल बोलणार. जून-जुलै २०२४ च्या शासन निर्णयांत पात्र कोण ते स्पष्ट लिहिलंय: २१ ते ६५ वयाच्या विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, आणि कुटुंबातली एक अविवाहित महिला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. १८ सप्टेंबर २०२५ ला आदेश निघाला, सगळ्या लाभार्थींनी दोन महिन्यांत ई-केवायसी करावी. आणि ई-केवायसीच्या फॉर्मने बाईचा आधार क्रमांक आणि ओटीपी घेतल्यावर पुढच्या टप्प्यावर काय मागितलं? पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक. आणि त्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी.

पुन्हा वाचा. योजनेच्या यादीत 'विधवा' हा शब्द लिहिलेला आहे, आणि फॉर्म तिच्याकडे नवऱ्याच्या मोबाईलवर आलेला ओटीपी मागतोय. ज्या विधवेचे वडीलही गेलेत तिने तो कुठून आणायचा? जी नवऱ्याने टाकलेली आहे तिने त्यालाच फोन करून "जरा नंबर सांगता का" म्हणायचं? आपल्या भाषेत सांगायचं तर ही चाईल्ड रेकॉर्ड पेरंटशिवाय न घेण्याची गोष्ट झाली, ॲक्सेसचा तो ३२०१ नंबरचा एरर, 'संबंधित नोंद दुसऱ्या टेबलात असणे आवश्यक आहे'. टेबलामध्ये हा नियम फार उपयोगाचा आहे, मी स्वतः शंभर वेळा लावलाय. ऑर्डर असेल तर ग्राहक हवाच. पण बाई असेल तर पुरुष हवाच, हा नियम डेटाबेसचा नाही. तो कोणाच्या तरी डोक्यात होता आणि तिथून स्कीमामध्ये उतरला.

इथे टिंबाचीही सोय नव्हती. टिंबाला ओटीपी येत नाही.

ओरड झाली. नोव्हेंबरात मुदत १८ तारखेवरून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत किंवा घटस्फोट झालाय त्यांनी स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत महिला व बालविकास विभागाकडे जमा करावी असं मंत्री अदिती तटकरे ह्यांनी जाहीर केलं. चांगलं झालं. पण दोन महिने त्या बायका काय समजत असतील? की आपलंच काहीतरी चुकतंय. सेवा केंद्रावरच्या पोराला वीस-पन्नास रुपये देऊन पुन्हा प्रयत्न. आणि जिचा घटस्फोट कोर्टात झालेलाच नाही, नवरा नुसता निघून गेलाय, तिने कुठला कागद आणायचा?

सरकारची बाजूही ऐकून घेऊ. खोटे लाभार्थी खरंच होते. १४ हजारांहून जास्त पुरुषांच्या नावावर ह्या योजनेचे पैसे गेल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या, त्यामुळे तपासणी हवीच होती. कुटुंबाचं उत्पन्न बघायचं तर कुटुंबातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर मागणं ह्यातही तर्क आहे. मला काही म्हणायचं नाही. पण ह्या दोन फॉर्मकडे शेजारी शेजारी बघा. पहिला फॉर्म पुरुषांना आत घेत होता, दुसरा विधवांना बाहेर ठेवत होता. म्हणजे कडक असणं आणि बरोबर असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'पती हयात नाहीत', 'वेगळी राहते', 'दोघेही नाहीत' असे तीन पर्याय पहिल्या दिवशी ठेवले असते तर तपासणी ढिली झाली नसती. उलट नेमकी कोणाची कागदपत्रं हाताने तपासायची ह्याची यादी आयती मिळाली असती.

जमतं का असं? जमतं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम सक्तीचा. त्याच निर्णयात अनाथ मुलांसाठी सूट ठेवली. म्हणजे सक्ती करतानाच कोणीतरी विचारलं होतं, ज्याला आईच नाही त्याचं काय? हा प्रश्न विचारायला आर्किटेक्ट लागत नाही. खोलीत एक शहाणा माणूस लागतो, आणि तो बोलला तर त्याला गप्प बसवायचं नाही एवढं लागतं.

आपण मात्र गप्प बसवतो. कसं? दोन शब्दांत. "एज केस." हा शब्द मी आता मीटिंगमध्ये ऐकला की सरळ आकडा सांगतो. २०११ च्या जनगणनेत भारतात विधवा ४ कोटींहून जास्त होत्या. ऑस्ट्रेलिया देशाच्या लोकसंख्येपेक्षा हा आकडा मोठा आहे. ऑस्ट्रेलिया तुमच्या कंट्रीच्या ड्रॉपडाऊनमध्ये आहे ना? मग?

दुसरी सबब, "बिझनेसने सांगितलं". बिझनेसने सांगितलं की कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं आहे. नवऱ्याच्या ओटीपीशिवाय पुढचं बटण राखाडी ठेवा असं क्वचितच कोणी सांगतं. मागणी आणि लाल तारा ह्यांच्या मधलं अंतर आपण कापतो, दुपारी जेवण झाल्यावर, आळसाने. कारण सक्तीचा रकाना लिहायला एक शब्द लागतो आणि 'लागू नाही' लिहायला एक कॉलम, एक चेकबॉक्स, दोन टेस्ट केसेस आणि रिपोर्टमध्ये एक बदल. मी हे काम केलंय, फार तर दीड दिवस जातो. तो दीड दिवस आपण वाचवतो आणि बाहेर माणसं ड्युटी सोडून तीन चकरा मारतात.

तिसरी सबब अमेरिकेतून परत आलेले मित्र देतात, की हे सगळं इंडियातच होतं. नाही हो. ज्याच्या पासपोर्टवर एकच नाव असतं त्याला अमेरिकन व्हिसावर पहिलं नाव म्हणून 'एफएनयू' मिळतं. फर्स्ट नेम अननोन. मग ऑफिसात लोक त्याला "हाय फनू" म्हणतात. तेही टिंबच, फक्त डॉलरमध्ये.

असो. तर सोमवारी ऑफिसला गेलात की एक करा. तुमच्या प्रॉडक्शन टेबलातल्या प्रत्येक सक्तीच्या कॉलमवर एक साधी क्वेरी चालवा. टिंब किती, 'एनए' किती, 'टेस्ट' किती, 'एक्सवायझेड' किती, दहा नव्वे किती, एक जानेवारी एकोणीसशे किती. (१ जूनही मोजा, पण त्याला बग म्हणू नका, ती माणसं खरी आहेत.) उतरत्या क्रमाने लावा. सगळ्यात वर जो कॉलम येईल त्याचा लाल तारा कोणी लावला हे सोर्स कंट्रोलमध्ये नावानिशी सापडेल. त्याला आरोपी करू नका, त्याच्याशेजारी खुर्ची घेऊन बसा आणि विचारा, हे ज्याच्याकडे नाहीच आहे त्याने काय करायचं? उत्तर 'टिंब द्यायचं' असं आलं तर तिथेच बसून तो चेकबॉक्स लिहा. आणि 'नॉट नल' काढताना त्या जुन्या टिंबांचं काय करायचं तेही ठरवा. ती सगळी एकदम पुसून नल करू नका. काही 'माहीत नाही' आहेत, काही 'लागू नाही' आहेत, आणि कोणतं कुठलं हे आता त्या माणसालाच विचारावं लागेल. चौघांसमोर नको, एकट्याला.